रुग्णनोंदींचा तक्ता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक

कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ परिसरातून येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी आम्ही संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात ठेवतो. अशा तक्त्याला आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक जोडता येतो. ही जोडणी करण्यापूर्वी वैद्याने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जोडणीचे स्वरूप

साहाय्यकास आपला तक्ता आपोआप ज्ञात नसतो. जोडणीमुळे त्यास ओळी वाचणे, निवडणे, मोजणे आणि परवानगी असल्यास बदलणे शक्य होते. आपण मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे तो तक्त्याच्या सूत्रात अथवा डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत रूपांतर करतो व मिळालेले उत्तर पुन्हा मराठीत सांगतो. अशा जोडणीसाठी अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत जाहीर केली.

एक अनुभव

संधिवाताच्या कोणत्या रुग्णांना अभ्यंगासाठी बोलवावे, असे आम्ही साहाय्यकास विचारले. क्षणार्धात यादी आली. परंतु तीत आमवाताचे रुग्णही होते. रुग्णाच्या तोंडचा 'संधिवात' हा शब्द आम्हीच संधिगतवात व आमवात या दोहोंसाठी लिहिला होता. संधिगतवातात स्नेहन हितकर. सामावस्थेतील आमवातात मात्र तैलाभ्यंग वर्ज्य असून वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद योजावा लागतो. साहाय्यकाने आमची नोंद जशी होती तशीच वाचली. यादी न तपासता निरोप धाडले असते, तर अपाय रुग्णास झाला असता आणि दोष आमचा ठरला असता.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगज्ञानाची आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही तीन साधने सांगितली आहेत. साहाय्यकाजवळ रुग्णाचे प्रत्यक्ष नाही. त्याचे अनुमान आपल्या नोंदीवरच उभे असते.

पाळावयाचे नियम

१. एका व्याधीस एकच नाव लिहावे. आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' संकेतस्थळावरील व्याधिसंकेतांक त्यासाठी उपयुक्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही १० जानेवारी २०२४ रोजी आयसीडी-११ मधील आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधींचा विभाग नवी दिल्ली येथे प्रकाशित केला. रुग्णाचे शब्द वेगळ्या रकान्यात ठेवावेत.

२. निदान निश्चित नसल्यास 'अनिश्चित' असे लिहावे. प्रत्येक विकारास नाव असतेच असे नाही, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात स्पष्ट केले आहे. तक्त्यातील रकाना भरण्यासाठी निदान करू नये.

३. साम-निराम अवस्था, अग्नी, औषध, मात्रा व दिनांक यांस स्वतंत्र रकाने असावेत.

४. नाव, गाव व मोबाइल क्रमांक वगळून केवळ नोंद क्रमांक असलेली प्रतच जोडावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. रुग्णाची संमती घेऊन ठेवावी.

५. परवानगी केवळ वाचण्याची द्यावी. मूळ तक्ता स्वतंत्र जपावा.

६. उत्तरासोबत संबंधित ओळींचे क्रमांक मागावेत व त्या केसपेपरशी ताडून पाहाव्यात. रुग्णास बोलावण्याचा अथवा चिकित्सा बदलण्याचा निर्णय वैद्यानेच घ्यावा.

वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळण्याचे कष्ट या साधनाने निश्चित वाचतात. वाचलेला तो वेळ रुग्णाच्या नाडी-जिह्वा परीक्षणास मिळाल्यास जोडणीचे सार्थक होईल.