प्रकाशमापकाचे शून्य

वडवणीसारख्या तालुक्यांतील ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची केंद्र शासनाची योजना २०११ साली मंजूर झाली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. तंतूतून किती प्रकाश पोहोचतो, हे प्रकाशशक्तिमापक दाखवितो. अंधारातही त्याच्या संवेदकातून अत्यल्प विद्युत्प्रवाह वाहतो व तापमानाबरोबर बदलतो. तो मोजून पुढील प्रत्येक मापनातून वजा करणे, म्हणजेच शून्य साधणे होय.

काही मापकांना ही आज्ञा दूरच्या संगणकावरूनही देता येते. मात्र मापकाचे तोंड झाकलेले आहे की नाही, हे आज्ञा देणाऱ्यास दिसत नाही. समजा, शून्य साधताना १ मायक्रोवॅट प्रकाश आत शिरला, तर पुढे २ मायक्रोवॅट प्रकाश १ मायक्रोवॅटच दिसेल. म्हणजे उणे २७ ऐवजी उणे ३० डीबीएम. ग्रामपंचायतीतील यंत्राला साधारणतः किमान उणे २७ डीबीएम प्रकाश लागतो. साहजिकच निर्दोष तंतू सदोष ठरेल आणि रस्ता विनाकारण खोदला जाईल.

म्हणून गावातील कर्मचाऱ्याने प्रथम तंतू काढून मापकाला टोपण लावावे व तसे दूरध्वनीवरून कळवावे. त्यानंतरच आज्ञा द्यावी आणि शून्य साधल्याचे उत्तर आल्यावरच टोपण काढावे.