गृहपाठ बिनचूक, मग चाचणीत गुण कमी का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. गणित अडलं की मोबाइलवर एआयला विचारते आणि उत्तर वहीत उतरवते. गृहपाठ बिनचूक असतो, पण घटक चाचणीत गुण घसरलेत. हे बंदच करावं का?
– एक पालक, पुणतांबा

उत्तर : बंद करू नका, ती काय विचारते तेवढं बदला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. निष्कर्ष २०२४ मध्ये बाहेर आले. एका गटाकडे नुसती वह्या-पुस्तकं होती. दुसऱ्याला साधा एआय दिला, तर सरावात त्याचे गुण पहिल्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले. पण परीक्षेत एआय काढून घेताच तीच मुलं पहिल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आपण कमी शिकलो, याचा त्यांना पत्ताही नव्हता. तिसऱ्या गटाच्या एआयला ताकीद होती : उत्तर द्यायचं नाही, फक्त इशारा द्यायचा. ही मुलं सरावात सगळ्यांच्या पुढे गेली आणि परीक्षेतही मागे पडली नाहीत.

कारण सरळ आहे. अडलेली पायरी शोधताना जी झटापट होते, तिच्यातच गणित शिकलं जातं. उत्तर आयतं मिळालं की ती झटापटच टळते.

तेव्हा मुलीला सांगा : समजा, दोन चलांतील समीकरणं आहेत, तर ती आधी वहीत स्वतः सोडव. अडलीस तर एआयला लिही, ‘उत्तर सांगू नकोस. माझी पायरी कुठे चुकली, एवढाच इशारा दे.’ जमलं की मोबाइल बाजूला ठेवून त्याच सरावसंचातलं पुढचं उदाहरण सोडव.

एक सावधगिरी मात्र हवी. एआय एका शब्दामागे पुढचा संभाव्य शब्द जोडत जातो, त्यामुळे चुकतो तेव्हाही ठामपणेच बोलतो. ते पारखायला तुमचं गाव उत्तम. पुणतांब्यावर त्याच्याकडून दहा वाक्यं लिहून घ्या आणि प्रत्येक वाक्य मुलीला तपासू द्या. ‘चांगदेव पासष्टी’ त्याने चांगदेवांच्या नावावर तर टाकली नाही ना? ती ज्ञानेश्वरांची, चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला दिलेलं उत्तर. १ जून २०१७ च्या शेतकरी संपाची सुरुवात तुमच्या गावातून झाली, हे त्याने लिहिलं का? गोदावरी, चांगदेवांचं समाधी मंदिर, शिर्डीकडे फाटा फुटणारं रेल्वे जंक्शन, सगळं हाताशी आहे. चूक सापडली तर ती का चूक आहे, हे मुलीला पुराव्यानिशी सांगता आलं पाहिजे. ते तिला जमू लागलं, की एआय वापरण्याबद्दल काळजीचं कारण नाही.