दुहेरी उपयोगाची मोटारसायकल : डांबरावर आणि बांधावर

सांगली जिल्ह्यातील कुंडल हे उसाच्या पट्ट्यातले गाव. शेजारच्या किर्लोस्करवाडीकडे किंवा पलूसकडे जायला डांबरी सडक आहे. पण फडाकडे वळले की काळ्या मातीची पाणंद लागते. एकाच गाडीने या दोन्ही वाटा चालायच्या असतील, तर ती गाडी कशी असावी? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे दुहेरी उपयोगाची मोटारसायकल. २०१९ साली भारतात बाजारात आलेल्या ‘हीरो एक्सपल्स २००’ या गाडीचे आकडे घेऊन आपण तिची रचना समजून घेऊ.

मोठे चाक कशासाठी?

या गाडीचे पुढचे चाक २१ इंची, तर मागचे १८ इंची आहे. नेहमीच्या १०० घन सें.मी.च्या अनेक गाड्यांचे पुढचे चाक १८ इंची असते. टायर धरून पहिल्याची त्रिज्या सुमारे ३५ सें.मी., तर दुसऱ्याची सुमारे ३१ सें.मी. भरते.

समजा, वाटेत १० सें.मी. उंचीचा दगड आला. चाक चढू लागते तेव्हा दगडाची कडा टेकू बनते. आसावरचे आडवे बल चाकाला वर फिरवू पाहते, तर वजन त्याला मागे खेचते. म्हणून,

बल × (त्रिज्या − दगडाची उंची) = वजन × आसापासून कडेचे आडवे अंतर

हे आडवे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येते. मोठ्या चाकासाठी ते √(३५² − २५²) = २४.५ सें.मी., तर लहान चाकासाठी √(३१² − २१²) = २२.८ सें.मी. येते. चाकावर १०० किलोग्रॅम भार असेल, तर मोठ्या चाकाला ९८ आणि लहान चाकाला सुमारे १०९ किलोग्रॅम-भार इतके बल लागते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, हे यावरून ध्यानात येईल.

धक्का आणि उंची

पुढचा शॉकअप १९ सें.मी., तर मागचा १७ सें.मी. दबू शकतो. गाडी खड्ड्यात आदळली की तिची ऊर्जा शॉकअपला शोषावी लागते. कार्य = बल × अंतर. तीच ऊर्जा १० ऐवजी १९ सें.मी. अंतरात शोषली, तर सरासरी बल जवळजवळ निम्मे होते. इंजिनाखाली २२ सें.मी. मोकळी जागा असल्याने चाकोरीमधला उंचवटा तळाला सहसा लागत नाही. चाके तारांची असतात. आदळल्यावर ती थोडी लवतात, आणि तारा पुन्हा ताणून घेता येतात.

फायद्याची किंमत

मात्र यातला कोणताही गुण फुकट मिळत नाही. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्यही वर जातो. बैठक ८२ सें.मी. उंचीवर आणि गाडीचे वजन दीडशे किलोग्रॅमहून अधिक! ज्याचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, त्याच्या हातून ती चिखलात कलली तर सावरणे कठीण. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या असतील, तर आणखीच कठीण. टायरवरचे रबरी ठोकळे मऊ मातीत रुततात. पण ठोकळ्यांमध्ये फटी असल्यामुळे डांबरावर टेकणारे रबर कमी पडते. शिवाय चिकट काळी माती त्या फटी भरून टाकते, आणि मग टायर गुळगुळीत असल्यासारखा घसरतो.

ब्रेकचेही असेच. १२५ घन सें.मी.वरील गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले. त्यामुळे चाक जाम होत नाही आणि ओल्या डांबरावर गाडी ताब्यात राहते. उलट सुट्या खडीवर जाम झालेले चाक पुढे मातीचा ढीग लोटते व तो ढीगच गाडीला अडवतो. तेथे एबीएसमुळे थांबण्याचे अंतर कधीकधी वाढते. म्हणून पाणंदीत वेग कमी, हाच खरा ब्रेक!

सारांश, जाहिरातीतला आकडा ‘मोठा’ आहे एवढ्यावर गाडी निवडू नये. ज्याची रोजची वाट डांबरीच आहे, त्याला हलकी, कमी पेट्रोल पिणारी साधी गाडी बरी. ज्याला बारा महिने शिवारात जायचे आहे, त्याने उंचीची किंमत ओळखून ही घ्यावी. आणि तुम्ही? अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत आकडेमोडच करा!

करून पाहा

एक लहान व एक मोठा गोल डबा घ्या. दोघांत वाळू भरून वजन सारखे करा. टेबलावर पेन्सिल चिकटवून दोन्ही डबे आडवे ठेवा आणि बोटाने हळूहळू ढकलत पेन्सिलीवरून न्या. कोणत्या डब्याला जोर कमी लागला? दगडाची उंची १५ सें.मी. धरून वरचे गणितही पुन्हा सोडवा. दोन चाकांमधला फरक वाढतो की घटतो?