मुरुमांचे वण : उपचार निवडण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष बी. ए.)

'तारुण्यपीटिका' हा शब्द ऐकायला मोठा गोंडस आहे; पण ज्याच्या गालावर त्या उठतात त्याला त्यात गोंडस असे काही वाटत नाही. पीटिका येतात आणि जातात, मात्र काहींच्या चेहऱ्यावर कायमचे वण ठेवून जातात. आपल्या महाविद्यालयात असे चेहरे थोडे नाहीत. माझाही त्यांतलाच एक. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नव्हे. तरीही गेल्या वर्षभरात या विषयावर जे वाचले आणि सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे. या बाबतीत अज्ञानाची किंमत रोख पैशांत मोजावी लागते, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती रोकड सहज निघत नाही.

'सर्वांत चांगला उपचार कोणता?' असे जो तो विचारतो. माझ्या मते त्याआधी विचारावयाचा प्रश्न दुसराच आहे : 'माझा वण कोणत्या जातीचा?'

डाग आणि वण

मुरूम बसल्यावर त्या जागी लालसर किंवा काळपट खूण राहते. तिच्यावरून बोट फिरवले असता त्वचा सपाट लागली, तर तो डाग समजावा. उन्हापासून जपल्यास असे बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप फिके होत जातात. वणाचे तसे नाही. मुरुमाचा दाह त्वचेच्या खोल थरापर्यंत पोचला की तेथील कोलॅजेनचे तंतू नष्ट होतात आणि वरची त्वचा खचते. असा खड्डा भरून काढील असे मलम बाजारात नाही. डाग आणि वण यांत फरक न केल्यामुळे कित्येकजण आपोआप जाणाऱ्या गोष्टीवर पैसे घालवतात.

वणांचे प्रकार

2001 साली जेकब, डोव्हर व कॅमिनर या अमेरिकन डॉक्टरांनी खड्ड्यांचे तीन प्रकार सांगितले. आजही डॉक्टर मंडळी तेच शब्द वापरतात.

पहिला 'आइसपिक'. हा दाभणाने टोचल्यासारखा, तोंडाशी अरुंद पण खोल असतो. वरवर फिरणारा लेसर त्याच्या तळाशी पोचत नाही. म्हणून त्यात ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा तीव्र थेंब बारीक काडीने नेमका सोडतात. 2002 मध्ये दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी ही 'क्रॉस' पद्धत प्रसिद्ध केली. नाहीतर तेवढाच भाग गोल पात्याने काढून टाका घालतात.

दुसरा 'बॉक्सकार'. हा देवीच्या वणासारखा, उभ्या कडांचा व सपाट तळाचा. उथळ असेल तर लेसरचा किंवा मायक्रोनीडलिंगचा, म्हणजे बारीक सुयांनी टोचून नवे कोलॅजेन तयार करवण्याचा उपयोग होतो. खोल असेल तर तळ उचलून वर आणावा लागतो.

तिसरा 'रोलिंग'. यात गाल लाटांसारखा उंचसखल दिसतो, कारण त्वचेला खालून तंतूंच्या दोऱ्यांनी ओढून धरलेले असते. गोधडीला टाका बसतो तेथे ती दबते, तसेच हे. येथे वरून कितीही उपचार केले तरी खालचा टाका उसवल्याशिवाय फारसा फरक पडत नाही. सुई आत घालून त्या दोऱ्या कापण्याच्या क्रियेला 'सबसिजन' म्हणतात. ओरेन्ट्राइख पितापुत्रांनी ती 1995 मध्ये मांडली.

याखेरीज काहींचे वण खड्डा न पडता वर उचलून येतात. विशेषतः जबड्यावर, छातीवर व पाठीवर. त्यांना स्टेरॉइडचे इंजेक्शन वणातच देतात. ज्याच्या अंगावर असे वण उठतात त्याने टोचण्या-कापण्याचे उपचार घेण्यापूर्वी डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

एकाच गालावर दोन-तीन प्रकार एकत्र असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा एकाच यंत्राने सगळे वण जातील असे जो सांगतो, त्याचे म्हणणे तपासून घेतलेले बरे.

आपला रंग, आपले ऊन

1975 साली फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले. सावळी व काळी त्वचा त्या यादीत नंतर आली. बहुसंख्य भारतीयांची त्वचा अशी आहे की तिला इजा झाली की ती काळवंडते. त्यामुळे गोऱ्या त्वचेला मानवलेला तीव्र लेसर आपल्याकडे खड्ड्याऐवजी काळा डाग देऊन जाऊ शकतो. 2004 मध्ये 'फ्रॅक्शनल' लेसर आला. तो त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी काम करतो व मधली त्वचा शाबूत ठेवतो, म्हणून जखम लवकर भरते. तरी काळवंडण्याची भीती पूर्ण जात नाही. मायक्रोनीडलिंगमध्ये ती तुलनेने कमी. मात्र तेच काम बाजारातला रोलर आणून घरी करणे म्हणजे जंतूंना आमंत्रण होय.

आणखी एक धोका मेडिकलच्या दुकानात असतो. चेहरा उजळ करणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरूम दुपटीने उठतात. 2018 पासून अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही ती सर्रास मिळतात.

माझा निर्णय

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत सुट्टीच्या दिवशी मीही जाते. 'स्थळे यायच्या आत चेहरा नीट करून घे,' असा आत्याचा धोशा आहे. एका खाजगी क्लिनिकमध्ये माझ्या गालाकडे धड न पाहताच सहा लेसर सिटिंगचे 'पॅकेज' सांगण्यात आले. ते घेतले असते तर तिसऱ्या वर्षाची फी, एसटीचा पास आणि पुस्तके सारे त्यातच गेले असते. नंतर सरकारी रुग्णालयात केस पेपर काढला. तेथील मॅडमनी गाल उजेडाकडे तिरपा करून पाहिला, बोटांनी त्वचा ताणून पाहिली. ताणल्यावर बहुतेक खड्डे नाहीसे झाले. 'हे रोलिंग आहेत. पण अजून नवे मुरूम येताहेत, आधी ते थांबवू,' असे त्या म्हणाल्या. गळती चालू असताना भिंतीला रंग देऊन काय उपयोग, हे मला पटले.

म्हणून मी ठरवले आहे : आधी मुरुमांचे औषध पुरे करायचे, सबसिजन पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये, बागेत काम कमी असते तेव्हा, नंतर गरज वाटली तरच मायक्रोनीडलिंग. त्याच्या साधारण महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन ते सहा सिटिंग लागतात आणि गुण दिसायला काही महिने जातात. स्थळांच्या तारखेवर ही घडी बसवता येत नाही, हे मी आत्याला समजावून सांगितले आहे. तिला ते पूर्ण पटलेले नाही.

मित्रमैत्रिणींनो, डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढे विचारा : माझे वण कोणत्या प्रकारचे? या उपचाराने त्याच प्रकाराला गुण येतो का? माझ्या रंगाच्या त्वचेवर तो आपण किती वेळा केला आहे? किती दिवस ऊन टाळावे लागेल? एकूण खर्च किती? आणि विचारण्यापूर्वी पाटीवर त्वचारोगाची पदवी व नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा.

वण पुरता जाईल असे वचन प्रामाणिक डॉक्टर देत नाही. तो उथळ होईल, इतकेच सांगतो. तेवढ्यासाठी किती पैसे, किती दिवस आणि किती वेदना द्यायच्या, हे ज्याचा चेहरा त्यानेच ठरवावे. मात्र ठरवताना माहिती पुरी असावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.