एकाच रुग्णालयात दोन पगार

प्रश्न : उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात कायम डॉक्टरांचा पगार वेळेवर होतो, कंत्राटी डॉक्टरांचा मात्र रखडतो. असे का?

उत्तर : कारण पैशाची वाट वेगळी आहे. हे रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. तिथल्या कायम वैद्यकीय अधिकाऱ्यांचे वेतन राज्याच्या अर्थसंकल्पातून, कोषागारामार्फत निघते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. कंत्राटी डॉक्टर बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातले. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. हा पैसा अनेक टप्पे पार करून येतो. यातला एक टप्पा अडला की मानधन अडते. रात्रपाळी मात्र थांबत नाही, आणि हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. बदलापूर-अंबरनाथचे रुग्णही याच डॉक्टरांच्या भरवशावर येतात.

एकीकडे मानधन रखडते; दुसरीकडे, आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते. तुमच्या रुग्णालयाची नेमकी स्थिती जाणून घ्यायची तर मंजूर पदे, भरलेली पदे आणि मानधनाच्या थकबाकीची माहिती जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.