मंगेशीची वाट

देवस्थानाच्या यात्रेची माहिती देताना मार्ग व वाहने सांगून थांबण्याची रीत आहे. आम्ही विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारतो : ज्या देवाच्या दर्शनास आपण जातो, तो देव तेथे कोणत्या वाटेने आला?

श्रीमंगेशाचे मूळ स्थान झुआरी नदीच्या दक्षिण तीरावरील कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात देवालयांवर संकट कोसळले, तेव्हा १५६० साली भक्तांनी देवाचे लिंग नदीपार प्रियोळास आणले. अंत्रुज महाल त्या काळी आदिलशाहीत असल्याने तेथे आश्रय मिळाला. वेर्ण्याची म्हाळसा व केळशीची शांतादुर्गा यांनाही हीच नदी ओलांडावी लागली.

आता आपले मार्ग पाहू. सडकेने पणजीहून जुने गोवे, बाणस्तारी या वाटेने मंगेशी सुमारे २१ किलोमीटर आहे. फोंड्याहून ती याहून पुष्कळ जवळ. आगगाडीने येणाऱ्यास १९९८ पासून पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेचे करमळी स्थानक सोयीचे. मडगावास उतरल्यास बोरीच्या पुलावरून यावे. विमानाने येणाऱ्यास दाभोळी आणि २०२३ पासून उत्तरेकडील मोपा असे दोन विमानतळ आहेत.

यांतील दाभोळीची वाट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती कुठ्ठाळीवरून जाते. पूल नसताना, मनात भय बाळगून पूर्वजांनी जे पात्र ओलांडले, ते आपण काही मिनिटांत मागे टाकतो. तेवढा वेळ तरी आपण खिडकीबाहेर पाहावे. दर्शनाचा आरंभ तेथूनच होतो, असे आम्हांस वाटते.