सागरतीराची शिदोरी

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी मांजरी हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५५० मीटर आहे. तेथील मुलांना नदी व उसाचे मळे परिचयाचे. समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे. ही मुले ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यातील दिवेआगरच्या किनाऱ्यावर सहलीस निघाली, तर त्यांनी बरोबर काय न्यावे?

प्रथम कपड्यांचा विचार करू. पावसाळा सोडला, तर मांजरीची हवा बहुधा कोरडी असते. अंगावरचा घाम लगेच वाळतो आणि वाळताना शरीरास गारवा देतो. कोकणच्या हवेत बाष्प फार. त्यामुळे घाम लवकर वाळत नाही व अंग चिकट होते. म्हणून सैल, सुती कपडे घ्यावेत. ओले कपडेही तेथे वाळण्यास वेळ लागतो. तेव्हा एक जोड अधिक असावा. रुंद काठाची टोपी, एक पंचा आणि तापलेल्या वाळूवर चालण्यास रबरी चपला घ्याव्यात. चामड्याच्या वहाणा खाऱ्या पाण्याने खराब होतात.

समोर अथांग पाणी असले, तरी पिण्याचे पाणी बरोबर हवेच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी प्याल्यास क्षार बाहेर टाकण्यासाठी शरीरातीलच पाणी खर्च होते आणि तहान वाढते. भाकरी, कोरडी चटणी व भरलेली पाण्याची बाटली एवढी शिदोरी पुरे. कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी मात्र विसरू नये.

मुलांनो, आणखी एक वस्तू न्यावयाची आहे. तिला वजन नाही. ती म्हणजे भरती-ओहोटीचे ज्ञान.

समुद्रास दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी लागते. मुंबई-रायगडाच्या बाजूस पूर्ण भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. पंचांगातील तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. चतुर्थी असेल, तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन; त्या दिवशी दुपारी व रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते. पुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी फार चढते व फार उतरते. ही रीत केवळ अंदाजाची आहे. नक्की वेळ किनाऱ्यावरील कोळीबांधवांना विचारावी.

हे ज्ञान प्राणमोलाचे आहे. ओहोटीचे पाणी माणसास खोल समुद्राकडे ओढून नेऊ शकते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस गेलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. नदीत पोहणाऱ्यासही समुद्राची ओढ नवीनच असते. म्हणून गावकरी जेथे नको म्हणतील, तेथे पाण्यात पाऊल टाकू नये. आणि वडील माणसांच्या नजरेआड कधीही जाऊ नये.

पिशवीतील एखादी वस्तू घरी राहिली, तर ती शेजाऱ्याकडून मागून घेता येते. सावधपणा मात्र प्रत्येकाने आपला आपणच न्यावा लागतो.

स्वाध्याय

१. कोकणात सुती कपडे का वापरावेत?
२. अष्टमीस पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?
३. आजची तिथी पंचांगात पाहून भरतीची वेळ काढा.